केकचं मीठ

कुकरची शिट्टी काढायची, रबरही काढायचं,
तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर जुनी रिंग,
मग दहा मिनिटं मंद आचेवर नुसताच तापू द्यायचा.
हे मला शेजारच्या भोईरबाईंनी शिकवलं, जिन्यात उभ्या उभ्या,
हातात बोंबलांची पिशवी.
"आन मधी नको उघरू, भाऊ. बसंल तो."

रवा एक वाटी. दही अर्धी. साखर पाऊण.
दूध लागेल तसं.
लागेल तसं म्हणजे किती, मी विचारलं होतं.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या लॅबमध्ये
ब्युरेटच्या रेषेशी डोळा आणून
थेंब मोजलेला माणूस मी.
त्या हसल्या. "पिठालाच इचार ना."

विचारलं.
रव्याने पहिलं दूध पिऊन टाकलं, दुसरंही,
वीस मिनिटांनी भांड्यात चमचा उभा राहिला.
आणखी ओतलं. आता पुरे, असं वाटतं.
एवढ्या भरवशावर मी कधी
एकाही रिपोर्टवर सही केली नव्हती.

आतल्या खोलीचं दार सोमवारपासून बंद आहे.
ऋजुता जेवायला येते, स्वतःचं ताट घासून ठेवते,
ठीक आहे म्हणते, परत जाते.
ऐरोलीचा हॉल ठरला होता. अर्धे पैसे परत मिळतील,
असं सुनंदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, हळू,
जणू प्रश्न पैशांचाच होता.
कारण मला कुणी सांगितलेलं नाही.
मी विचारलेलं नाही.
रोज दारापर्यंत जातो
आणि शेजारच्या कॅलेंडरवर सिलिंडरची तारीख बघून
मागे फिरतो.

सोडा पाव चमचा. हा मात्र मोजून.
सोड्याचं मला कळतं,
आंबट भेटलं की तो कुणासाठी थांबत नाही.
म्हणून पटकन डबा आत, झाकण, घड्याळ.
साडेपाच.

रात्री कोपरखैरण्यात वारा फिरला की एमआयडीसीचा वास येतो.
सोसायटीतले गच्चीवर जमून मला विचारायचे,
आज काय सोडलंय हो?
मी हुंगून सांगायचो: एस्टर आहे, खिडक्या लावा, झोपा.
तेव्हा नाकालाही पगार होता.
आता हिंगाची डबीसुद्धा जवळ धरावी लागते.
तरी व्हॅनिला आला,
आधी ओट्यावर, मग माझ्या बाहीत,
मग पॅसेजमध्ये, त्या दाराच्या फटीपर्यंत
गेला असावा.

पंचविसाव्या मिनिटाला मी झाकण उघडलं.
माहीत होतं. तरी उघडलं.
फक्त बघायचं होतं.
फुगून वर आला होता, कडेने सोनेरी, मधे ओला, थरथरता,
आणि माझ्या देखत
कुणी उसासा सोडावा तसा
खाली गेला.
झाकण परत लावलं, आवाज न करता, चोरासारखं.

सव्वासहाला दार वाजलं. आतलं.
"काय जळतंय?"
"जळत नाहीये. केक आहे. बसला."
ती ओट्याशी आली. सुरी मी काढून ठेवली होती,
तिने चमचा घेतला
आणि मधला खड्डाच उकरला, जिथे अजून चिकट होतं.
फुंकर घालत, उभ्यानेच.
"उघडून बघितलंस ना?"
"हो."
"साखर कमी आहे," म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला.
मग सिलिंडरजवळच्या स्टुलावर बसली
आणि सुनंदाची किल्ली कुलपात फिरेपर्यंत
बसून राहिली. मी भांडी घासली,
घासलेलीसुद्धा.

मीठ निवलं. राखाडी झालंय, जरा खडखडीत.
खायला चालणार नाही, पण टाकायचंही नाही,
पुढल्या वेळी हेच लागतं.
बरणीत भरून वर चिकटपट्टी लावली, लॅबची सवय:
केकचं मीठ, तारीख.
खाली 'वापरलेले' लिहिलं होतं, ते खोडलं.

भोईरबाईंना वाटीत कडेचे दोन तुकडे नेऊन दिले.
मधला शिल्लक नव्हता.